शाडूतलं माझं तोंड
पेणच्या कारखान्यात वीस वर्षं मी गणपतींचे डोळे आखतेय. हात असा बसलाय की गप्पा मारता मारता आखणी होते. त्याचा मला भारी तोरा होता.

रोह्याला आई असते, तिची नजर पार गेली. एकदा ती म्हणाली की तू गेलीस की तुझं तोंड आठवावं लागतं. ठरवलं, मी नसताना तिच्या हाताला लागेल असं स्वतःचं तोंड करून द्यायचं. चित्र तिला काय कामाचं? आणि रंगात एकदा स्वतःला काढायला बसले होते, तर हाताने मला सरळ गणपतीचे डोळे आखले. नवरा पोट धरून हसला होता.

म्हणून शाडू घेतला. आरशासमोर चार दिवस खपले. शेवटी सवयीने ओला ब्रश फिरवून सगळं गुळगुळीत केलं. फडक्यात गुंडाळून एसटीत मांडीवर घेतलं, वडखळच्या खड्ड्यांत जीव मुठीत धरला. आईने कपाळावरून, गालांवरून बोटं फिरवली आणि परत कपाळावर आली.

"ही मूर्ती हाय गो," ती म्हणाली. "तू कुठं हायस?"

राग आला, माझाच. लहानपणी पडून माझ्या भुवईत खोक पडली होती. ती खूण मी ब्रशने पुसून टाकली होती. मूर्तीला खोक ठेवायची नसते, एवढंच माझ्या हाताला ठाऊक.

दुसऱ्यांदा आरसाच घेतला नाही. डोळे मिटून एका हाताने स्वतःचं तोंड चाचपलं, दुसऱ्याने माती दाबली. खोक आली. डोळ्यांखालचे खळगे आले, ओघळलेले ओठ आले. हात नुसता शिवशिवत होता, म्हणून ब्रश शेजारणीकडे देऊन टाकला. दिसायला ध्यानच झालं, पण नेलं.

भुवई आईला लगेच सापडली. ती हसली, मला हायसं वाटलं, चहा टाकायला उठले. तिची बोटं मात्र खाली उतरली आणि डोळ्यांखाली थांबली. दर खेपेला मी तिला सांगायचे, माझं मस्त चाललंय. ती माझं तोंड चाचपायची तेव्हाही मी हसत असायचे, गाल वर. मातीत हसायचं मी विसरले होते.

"किती दमलीस गो," आई म्हणाली.

मी नाय म्हणायला गेले आणि रडायलाच लागले.