गोळी उतरवताना

माझ्या गोळीचं खरं नाव घरात कुणीच घेत नसे. सासूबाई तिला झोपेची गोळी म्हणायच्या. मी ती सकाळी चहानंतर घेऊन शाळेत शिकवायला जाते, ही बाब त्यांच्या दृष्टीने गौण होती. नवरा पाहुण्यांसमोर तिला बी-कॉम्प्लेक्स म्हणायचा. माढ्याजवळ गावी शेती बघणारा माझा धाकटा भाऊ सरळ ‘ती सवय’ म्हणायचा आणि म्हणताना आवाज असा खाली आणायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं मी शाळेच्या मागं बसून गांजा ओढते.

गोळी नैराश्यावरची होती. वडील गेले त्या उन्हाळ्यात मी अंथरूण धरलं. ताप नाही, खोकला नाही, त्यामुळे बघायला येणाऱ्यांची फार पंचाईत व्हायची. विचारायचं तरी काय? मला अंघोळीला उठणं म्हणजे सोलापूरहून पुण्याला चालत जाण्यासारखं वाटत होतं. शेवटी नवऱ्याने डॉक्टरांकडे नेलं, गोळी सुरू झाली आणि हळूहळू मी माणसात आले. माणसात आले एवढंच. कुणी काही बोललं तर शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखं लांबून ऐकू यायचं. त्या दिवसांत माझी लोकप्रियता मात्र फार वाढली. “किती शांत झाली गं,” असं नातेवाईक कौतुकाने म्हणायचे. कशालाच नाही न म्हणणारी बाई कुणाला आवडत नाही?

तरी गोळी सोड, हा सल्ला फुकटात मिळतच होता. भाऊ त्यात सगळ्यांच्या पुढे. “आक्का, तसल्या गोळ्यांनी माणूस सोताचा राहत न्हाय. मन घट्ट कर, पहाटं फिरायला जात जा.” स्वतः उन्हं डोक्यावर आल्यावर उठणारी माणसं पहाटेबद्दल फार आदराने बोलतात, हे माझं जुनं निरीक्षण आहे.

बरेच दिवस तब्येत चांगली राहिल्यावर डॉक्टरांनीच विषय काढला. “आता गोळी हळूहळू उतरवू. एकदम बंद करायची नाही. प्रत्येक पायरीवर थांबायचं आणि काय होतंय ते मला सांगायचं.” आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. जुनं दुखणं परत येतंय असं वाटलं तर लपवायचं नाही, एक पायरी परत वर चढण्यात कमीपणा नाही. मला भीती तेवढीच होती. तो उन्हाळा मला परत नको होता.

घरी आल्या आल्या नवऱ्याने जाहीर केलं, “डॉक्टरांनी उतरवायला सांगितलंय.”

सासूबाईंनी मान वर केली. “व्हय? मी कवाधरनं म्हणतीया. आता डॉक्टर बी म्हणाला म्हण की.”

त्या आत गेल्या आणि मूठभर मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊनच बाहेर आल्या. गोळी आणि दृष्ट यांतला फरक समजावण्याची संधी नवऱ्याला होती. त्याने ती पेपर उघडून घालवली. मला पाटावर बसवण्यात आलं, मूठ डोक्यावरून ओवाळली गेली आणि मिरच्या तव्यावर पडल्या. कुणालाच ठसका लागला नाही. “बगा, किती कडक दिष्ट हुती,” सासूबाई म्हणाल्या. वर एक्झॉस्ट फॅन जोरात फिरत होता, पण पुराव्याची अशी चिरफाड करू नये. “डॉक्टर लई हुशार हाय,” असा शेराही त्यांनी दिला. तेव्हापासून डोस कमी झाला की इकडे मिरच्याही तव्यावर पडू लागल्या. दोन्ही उपचार जोडीने चालले.

पहिली पायरी सुखाची गेली. दुसरीवर मात्र डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले की डोक्यात चर्र करून वीज जायची. मी घरात म्हटलं, डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय. ‘सारखं’ हा शब्द आमच्याकडे कुणी ऐकत नाही. जिथे एरवी चपलेचा वारादेखील चालत नाही त्या स्वयंपाकघरात सासूबाईंनी मला रबरी चपला घालायला लावल्या आणि मिक्सरला हात लावायची बंदी केली. ही बंदी मी आनंदाने पाळली.

शाळेत वेगळीच गंमत. फळ्याकडून वर्गाकडे वळताना वीज चमकू नये म्हणून मी डोळे, मान, खांदे सगळं एकत्र, सावकाश वळवायला लागले. पोरांना वाटलं मॅडमचा दरारा वाढला. मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबली. संध्याकाळी मात्र भवानी पेठेतल्या आमच्या बोळामागचे यंत्रमाग खडखडायला लागले, की वाटायचं ते माझ्या कवटीतच बसवलेत. रात्री घाम, आणि स्वप्नं अशी तपशीलवार, की सकाळी त्यातल्या माणसांची हजेरी घ्यावी. एकदा तर साबणाच्या जाहिरातीतली आई बघून मी ढसाढसा रडले.

डॉक्टर म्हणाले, शरीराला गोळीची सवय मोडायला वेळ लागतो, पुढची पायरी लांबवू. वेळेवर जेवायचं, दुपारनंतर चहा नाही, रोज चालायचं. चालण्याबद्दल भावाला मी कळवलं नाही. रोज उठल्यावर मी स्वतःला एकच प्रश्न विचारायचे, अंघोळ करावीशी वाटतेय का? वाटत असे. मग करंट बसला तरी चालेल, असं म्हणून मी दिवस सुरू करायचे.

अशातच भाऊ आला. पिशवीत शेंगा, आणि शेंगांखाली विषय. वडिलांच्या जमिनीवर त्याच्याबरोबर माझंही नाव लागलं होतं. आमच्याकडे अशा वेळी बहिणीने हक्कसोड लिहून द्यायचं, भावाने साडी नेसवायची आणि दोघांनी डोळे पुसायचे, अशी रीत आहे. “सोमवारी माढ्याला कचेरीत ये, आक्का. एक सही तर हाय.”

“मी सही करणार नाही,” मी म्हणाले. म्हणजे ओरडलेच. हातातला पेला हिंदकळला, चहा साडीवर सांडला. एवढा मोठा आवाज माझ्याकडे अजून शिल्लक आहे हे मलाच माहीत नव्हतं. मग रडू आलं, आणि ते जाहिरातीचं नव्हतं. वडील गेले तेव्हापासून साठलेलं होतं. मला वडील हवे होते, आणि त्यांचं म्हणावं असं तेवढं रानच उरलं होतं.

भाऊ चिडला असता तर बरं झालं असतं. तो कनवाळू झाला. नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाला, “दाजी, गोळी कमी केलीया का?”

“उतरवतोय सध्या,” नवरा म्हणाला.

“तरीच. परत चालू करा की. तब्येतीपुढं काय हाय?”

गरज सरो वैद्य मरो म्हणतात. इथे गरज पडताच मेलेला वैद्य उठून बसला. माणूस स्वतःचा राहत नाही म्हणून जी गोळी सोडायची होती, तीच आता मी स्वतःची राहू नये म्हणून घ्यायची होती.

इथवर हसण्यासारखं आहे. पण भाऊ आणि नवरा बाहेर गेल्यावर मी पलंगावर बसले आणि मला खरोखर भीती वाटली. कारण मलाही ठाऊक नव्हतं. डोक्यात वीज चमकतेय, तळहात ओले आहेत, आणि अशात तोंडातून निघालेला ‘नाही’ माझा कशावरून? तो नुसता गोळीच्या अभावाचा असेल तर? आणि गोळीवर असताना सगळ्यांना हो म्हणणारी ती बाई, ती तरी कोण होती?

हेच मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मोठं काही सांगितलं नाही. “आज मलाही सांगता येणार नाही. डोस आहे तिथेच ठेवू. करंट जाईल, झोप लागेल. त्यानंतरही राग राहिला तर तो तुमचा. तोवर सही करू नका, आणि भांडूही नका.” त्यातलं पहिलं मी तंतोतंत पाळलं.

मध्यंतरी भाऊ माझ्या तब्येतीची इतक्या वेळा चौकशी करू लागला, की मी अंथरुणाला खिळले होते तेव्हा याचा फोन बिघडला होता की काय असं वाटावं. पण करंट खरंच कमी झाले. एकदा वर्गात खडू फेकणाऱ्याला पकडायला मी गर्रकन वळले आणि डोक्यात काही चमकलं नाही. दरारा गेला, पोरं परत बोलायला लागली. झोप लागू लागली, अंघोळ वेळेवर होत होती. मग मी राग शोधला. तो होता. आता ओरडत नव्हता, पण उठूनही जात नव्हता. डॉक्टरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, मग पुढची पायरी उतरायला हरकत नाही.

भाऊ परत आला. या वेळी पिशवीत साडीच होती.

“आता बरं वाटतंय का, आक्का?”

“लई बरं.”

“तोंडावरच दिसतंय की. मग उरकू या सही.”

“नाही,” मी म्हणाले. आवाज शाळेतला, रोजचा. “रान तू कस, पीक तू घे. माझं नाव राहू दे. ते बाबांच्या नावाखाली आहे, तिथंच मला हवंय.”

भावाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खिशातून मोबाइल काढला. “डॉक्टरांना विचारू का एकदा?”

सासूबाई कोपऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. “ठेव त्यो फोन,” त्या म्हणाल्या.

त्यांनी टरफल बाजूला केलं. दुसरी शेंग उचलली, पण फोडली नाही.

“मी बी दिली हुती सई, माज्या भावाला. हिरवी साडी मिळाली हुती. तवा मला कसली गोळी न्हवती, का काय आजार न्हवता. चांगली धडधाकट हुते. तरी न्हाय म्हणता आलं न्हाय.”