जोर दुसऱ्या अक्षरावर

शिक्षकांच्या खोलीत रोज नवा किस्सा जमा होई आणि जुना कुणी टाकून देत नसे. महाडच्या आमच्या इंग्रजी शाळेतले हे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत, की त्यांतलं पाहिलेलं किती आणि ऐकलेलं किती, याची आता मलाच खात्री नाही.

*

सायन्सचे लेले मास्तर. प्रयोगशाळेत एक स्पिरिटचा दिवा आणि दोन काचेच्या नळ्या, म्हणून ते उपकरणांऐवजी त्यांची ग्रीक नावंच शिकवत. शब्द फोडायचा, अर्थ सांगायचा आणि जोराच्या अक्षराला बाकावर मूठ आपटायची. "थर्-मॉ-मीटर!" 'मॉ'ला शाळा दणाणे.

कापडे गावचा एक शेतकरी तक्रार घेऊन आला. "मास्तर, पोरगा भात झोडताना 'थर्मॉमीटर' वरडतो. आई म्हनते, पोराला कायतरी लागलाय!"

"पेंढी 'मॉ'वर आपटते ना?"

"आपटते की!"

"मग काही लागलेलं नाही."

*

"टेली म्हणजे दूर, स्कोप म्हणजे पाहणं."

नाते गावचा एक मुलगा उठला. "सर, मंग आमची आजी टेलिस्कोप हाय! मुंबईला काका काय करतो, तिला घरात बसून दिसतं."

"असेल," लेले म्हणाले. "पण जोर पहिल्या अक्षरावर दे."

*

लेल्यांची नोकरी कच्ची होती. इन्स्पेक्टरांचा शेरा चांगला पडला तर कायम, नाहीतर बायको-मुलींना घेऊन पोलादपूरला भावाच्या दारात.

इन्स्पेक्टर आले. "बॅरोमीटर?"

"बॅरॉस म्हणजे भार, मेट्रॉन म्हणजे माप! बॅ-रॉ-मीटर!" अख्ख्या वर्गाच्या मुठींनी बाकं उडाली.

साहेबांनी पिशवीतून एक गोल, पितळी, काट्याची वस्तू काढली. "हे काय?"

पोरं माना उंचावून बघू लागली. मग पहिल्या बाकावरून आवाज आला, "घड्याळ, साहेब."

साहेबांनी लेल्यांकडे पाहिलं. लेले वाकून बघत म्हणाले, "हो. पण बंद आहे."

साहेबांनी ती वस्तू पिशवीत टाकली आणि ते निघून गेले.

वर्गात मागे बसलेल्या हेडमास्तरांनी कपाळावर हात मारला. "अहो लेले, बॅरोमीटर होता तो! उपकरणांच्या कॅटलॉगात चित्र आहे!"

बॅरोमीटर लेल्यांनी जन्मात पाहिला नव्हता. संध्याकाळी त्यांनी ट्रंक भरली.

महिन्याभराने हुकूम आला. लेले कायम! कसे, ते कुणालाच कळलं नाही.

पुष्कळ वर्षांनी पुण्यात ते इन्स्पेक्टर भेटले, निवृत्त झालेले. न राहवून मी विचारलं, "तो बॅरोमीटर कुठला होता हो?"

"कसला बॅरोमीटर? पोरं नुसती घोकतात की बघूनही बोलतात, ते पाहायचं होतं. घड्याळच होतं ते. कशेडीच्या घाटात बंद पडलेलं!"