अर्धी दोरी ओढायची नाही

आमच्या आत्याबाईंनी आयुष्यात कुठलीही दोरी अर्धी ओढली नाही. शाळेच्या घंटेची असो, पडद्याची असो, की गवत कापायच्या पेट्रोलच्या मशीनची असो. मशीनच्या दोरीसाठी तर त्यांचा खास पवित्रा होता. पदर कमरेला खोचलेला, डावा पाय पुढे, उजवा मागे, एक मोठा श्वास, आणि मग कोपर पार पाठीमागे. मशीन ठसकत ठसकत सुरू झालं की वळून म्हणायच्या, "अर्धी दोरी ओढायची नाही. ओढायची तर पूर्ण, नाही तर हातच लावू नका." हे वाक्य त्यांनी आम्हाला अभ्यासापासून लग्नापर्यंत सगळ्या प्रसंगी ऐकवलं.

ग्वाल्हेरच्या एका मुलींच्या शाळेत त्या पीटी शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर दर्पण कॉलनीत आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर राहायला आल्या आणि आल्या आल्या समोरच्या पार्कचा ताबा घेतला. मी त्यांचा भाचा, पण अख्ख्या कॉलनीला त्या बुआजी होत्या. रोज संध्याकाळी त्या पार्कात मुलींना खो-खो शिकवत. मुली बेधडक सूर मारायच्या आणि झग्याला लागलेली माती झटकून उठायच्या, कारण खाली मऊ, आखूड गवत होतं. ते गवत दर रविवारी आत्याबाई स्वतः कापत. माळी दोन-तीन येऊन गेले. एकाचंही काम त्यांच्या पसंतीला उतरलं नाही.

आमचं घराणं मूळचं शिलेदारांचं. दख्खनमधून तलवार घेऊन आलेले, आणि आता इंदरगंजच्या ऑफिसात विम्याच्या पॉलिस्या विकणारे, म्हणजे मी. तलवार मात्र अजून आहे. म्यानात गंजून बसली आहे, बाहेर निघत नाही, तरी खंडेनवमीला पूजेत पहिला मान तिचाच असे. आत्याबाईंनी एका वर्षी तिला उचलून बाजूला ठेवलं आणि पाटासमोर मशीन आणून उभं केलं. माझे वडील चिडले. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "तलवारीने चार पिढ्यांत काकडीसुद्धा कापली नाही. हे दर आठवड्याला कापतं. आता तूच सांग, हत्यार कोणतं?" तेव्हापासून दरवर्षी मशीनला झेंडूची माळ पडू लागली, हळदकुंकू लागू लागलं आणि घरातला प्रत्येक जण त्याच्यावर मूठभर अक्षता वाहू लागला.

मग ते मशीन रुसायला लागलं. सुरू व्हायचं झोकात, पण अर्धा पार्क कापून होईतो तापून बंद पडायचं. अर्धं गवत आखूड, अर्धं वाढलेलं. कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष भदौरियाजी, माणूस अगदी अदबशीर, हात जोडून आले. "बुआजी, अब आप भी आराम कीजिए। घास हटाकर पत्थर बिछवा देते हैं। साफ-सुथरा रहेगा, कुर्सियाँ डालेंगे।" दिवाळीनंतरच्या बैठकीत त्याचा निकाल लागणार होता. आत्याबाईंनी त्यांना चहा पाजला, चिवडा दिला आणि दारापर्यंत पोचवून एवढंच म्हणाल्या, "पत्थर पर लड़कियाँ सूर नहीं मार सकतीं, भदौरियाजी।"

जुनी वस्तू अडली की माझा हात आपोआप मोबाइलकडे जातो. मी ऑफिसात बसल्या बसल्या बॅटरीवर चालणारं नवं मशीन पसंतसुद्धा करून टाकलं आणि संध्याकाळी त्यांना फोटो दाखवला. "आत्याबाई, घेऊन घेऊ या. कटकट संपेल."

त्यांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला. "छान आहे. नव्याला माझी ना नाही. पण हे थांबलं कशाने, ते आधी कळू दे. ते नाही कळलं तर नव्याचीही हीच गत करून ठेवू आपण."

"म्हातारं झालं म्हणून थांबलं."

"म्हातारी तर मी पण झाले. मी थांबून राहिले का?"

आम्ही मशीन रिक्षात घालून पडावच्या बाजारात नेलं. पंप आणि जनरेटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानदाराने ते चालू करून पाहिलं, कान लावला, मान हलवली. "माताजी, इंजन थक गया है। नया ले लीजिए।" मला आनंद झाला, तो बहुधा चेहऱ्यावर दिसला. घरी येताच आत्याबाईंनी व्हरांड्यात जुनी वर्तमानपत्रं पसरली, पदर खोचला आणि मला पाना आणायला पाठवलं.

इंजिनाच्या डोक्यावर जाळीचं झाकण असतं. त्यातून हवा आत जाते आणि इंजिन थंड राहतं. ते झाकण निघालं आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. आत तांदूळ होते. कुंकवाने लाल झालेले, तेलात आणि गवताच्या भुशात कालवून वड्यांसारखे घट्ट बसलेले. इतक्या वर्षांच्या खंडेनवमीच्या अक्षता! घरातल्या प्रत्येकाने भक्तिभावाने वाहिलेल्या, आणि जाळीतून अलगद आत गेलेल्या. इंजिनाला हवा जायला फटच उरली नव्हती.

आत्याबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अरे, पूजा करून करून आपणच याचा श्वास कोंडला की!" मग माझ्याकडे बोट रोखलं. "तुझ्या त्या नव्याला पण आपण नेमाने अक्षता वाहिल्या असत्या. त्याचं काय झालं असतं?"

त्यांनी स्वयंपाकघरातली जुनी सळई घेऊन अक्षतांच्या वड्या उकरल्या, फटी ब्रशने घासल्या, तेल बदललं. त्या रविवारी मशीनने सगळा पार्क एका दमात कापला. भदौरियाजी गॅलरीतून पाहत होते. बैठकीत पत्थराचा विषय निघाला नाही. पुढच्या खंडेनवमीला मशीनवर सुती टॉवेल घातलेला होता आणि अक्षता चाकांपुढे जमिनीवर वाहायच्या, असा आत्याबाईंचा हुकूम होता.

गेल्या उन्हाळ्यात आत्याबाई गेल्या. फार आजारी पडल्या नाहीत, कोणाकडून करवून घेतलं नाही. मला त्यांची आठवण रोज येते, आणि बहुतेक वेळा मी काहीतरी अर्धवट सोडत असताना येते. पावसाळ्यात पार्कातलं गवत गुडघ्यापर्यंत वाढलं, मुली यायच्या बंद झाल्या. एका सकाळी भदौरियाजी आले. या वेळी हातात पत्थराचा नमुना होता आणि डोळे खरोखरच ओले होते. "अब कौन करेगा, भाईसाहब?"

"मैं करूँगा," मी म्हणालो. म्हणून बसलो खरा, पण ती दोरी मी कधी ओढलीच नव्हती.

जिन्याखालून मशीन काढलं, तेल पाहिलं, पेट्रोल घातलं आणि पार्कात नेलं. दोरी ओढली. खस्स. पुन्हा ओढली. खस्स. आणखी एकदा तेच. मशीन आता खरंच संपलं, नवंच घ्यावं, असं मनात आलं आणि माझा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला.

मागोमाग आलेल्या भदौरियाजींनी पत्थराचा नमुना पार्कच्या कठड्यावर ठेवला आणि जवळ आले. "रस्सी अधूरी मत खींचिए, भाईसाहब। बुआजी होतीं तो डाँट देतीं।" आणि अध्यक्षांनी स्वतःचा उजवा पाय मागे टाकून, कोपर पार पाठीमागे नेऊन मला दाखवलं.

मी पाय मागे टाकला, श्वास घेतला आणि दोरी पूर्ण ओढली.

तो पत्थर अजून कठड्यावरच आहे. खो-खोला आलेल्या मुली त्याच्यावर पाण्याच्या बाटल्या ठेवतात.