सार्जंटचा कान

सार्जंटने मला कधी ‘कसा आहेस’ म्हणून विचारलं नाही. “शिंदे, काहीतरी बोल,” म्हणायचा, आणि मान जरा तिरकी करून ऐकायचा. मी काय बोलतो याच्याशी त्याला घेणंदेणं नसायचं. त्याला आवाज हवा असायचा.

तो हवाई दलात हेलिकॉप्टरचा मेकॅनिक होता. रिटायर होऊन बडोद्याला आमच्या वर्कशॉपमध्ये फोरमन झाला. हेलिकॉप्टरचे गिअरबॉक्स दुरुस्तीला यायचे. मी सातवी शिकलेला, पार्ट धुणारा आणि ऑइल काढणारा. गिअरबॉक्स टेस्टला फिरायला लागला की सार्जंट लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. पुढे थरथर मोजणारे सेन्सर आले. आम्हाला वाटलं, आता हा चिडणार. तर स्क्रीनसमोर स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, “माझ्यापेक्षा तिखट कान आहे लेकाचा.”

त्याचं एकच म्हणणं होतं, तारीख बघून खोलू नका, तब्येत बघून खोला. धडधाकट गिअरबॉक्स उगाच उघडलेला त्याला खपायचा नाही. पण गिअरबॉक्सच्या तळाला लोहचुंबकाचं बूच असतं. आत काही झिजलं की लोखंडाचा कीस त्याला चिकटतो. तसा कीस दिसला, की मग खोलायच्या तारखांच्या चार्टवर किती का दिवस शिल्लक असेनात, सार्जंट ऐकायचा नाही.

एकदा बूच पुसताना मलाच एक चकचकीत कपची दिसली. गिअरबॉक्स दुसऱ्या दिवशी जायचा होता. सार्जंटने तो खोलायला लावला. दोन दिवस गेले, आत काही निघालं नाही. प्लॅनिंगचे साहेब सगळ्यांदेखत ओरडले, “सार्जंट, चार्टमां तो हजी टाइम छे! अजून वेळ होता ना!” दुसऱ्या दिवशी सार्जंट फतेगंजातून फाफडा-जिलेबी घेऊन आला, पहिला पुडा साहेबांपुढे धरला. “काही निघालं नाही साहेब. तोंड गोड करा.”

निजामपुऱ्यात आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. तो खाली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. एक दिवस म्हणाला, “वहिनी हल्ली चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबतात. आधी थांबत नव्हत्या. डॉक्टरला दाखव.”

आमची सुमन हसली. “भाऊजी, मी काय गिअरबॉक्स आहे?”

“नाही ना. तो बदलून मिळतो.”

मी म्हटलं, दिवाळी झाली की दाखवू. घरात रंगाचं काम निघालं होतं. त्याने आणखी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मी दिवाळीच म्हटलं. सुमन नवरात्रातच गेली. हृदय.

आयुष्यभर त्याच्या हाताखाली बुचं पुसली, आणि घरात मी तारीख बघत बसलो. दाखवलं असतं आणि काही निघालं नसतं, तर फाफडा खाल्ला असता. एवढंच तर होतं.

नंतर रोज संध्याकाळी तो दुखरे गुडघे घेऊन तीन मजले चढायचा. एकदा मीच म्हटलं, “तू सांगितलं होतंस.” तो म्हणाला, “चहा टाक.” तो विषय त्याने कधी काढला नाही, मलाही काढू दिला नाही.

गेल्या वर्षी गुडघे पारच गेले आणि मुलगी त्याला नागपूरला घेऊन गेली. तो रिक्षात बसताना मी रडलो. “आवाज बरा आहे,” एवढं म्हणाला आणि रिक्षावाल्याला “चालो” केलं.

आता रोज सकाळी नऊला त्याचा फोन येतो. “काहीतरी बोल.” मी गवार काय भावाने मिळाली ते सांगतो, लिफ्ट अजून बसली नाही ते सांगतो.

काल सुमनचा वाढदिवस होता. आज फोन आला. मी गवारीचं सांगितलं.

“काल जेवला नाहीस.”

“जेवलो की.”

“परत बोल.”

मी परत गवारीचा भाव सांगायला लागलो.

“कुकर लाव,” तो म्हणाला. “फोन ठेवू नकोस. ओट्यावर ठेव.”

मी डाळ-तांदूळ धुतले, कुकर लावला. तिसरी शिट्टी झाली, तेव्हा त्याने फोन ठेवला.