दाजी डॉक्टरांची बोटं

दाजी डॉक्टर रोग्याची नाडी उजव्या हातानं धरायचे आणि डाव्या हाताच्या बोटांनी ती जवळच्या कशावरही वाजवायचे. खाटेवर, पितळी तांब्यावर, एकदा तर रोग्याच्या टकलावर. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. कडेगावात मी नवी सून, आणि अक्कल अजून माहेरीच. डॉक्टर गेले की पोळपाटावर त्यांची नक्कल करून मी जावांना हसवायची.

ऊसतोडीच्या दिवसांत मामंजींच्या छातीत कळ आली. सासरे पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. डॉक्टरांनी सांगलीहून मोटारीत घालून यंत्र आणवलं, हातापायांना मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या बांधल्या आणि काळजातल्या विजेची रेघ काढली.

"सुभेदार, पाटातनं पानी जावं तशी काळजातनं वीज जाती. तुमच्या पाटात एक तुकडा मेलाय. वीज त्याला वळसा घालून मागनं परत येती. तिनं तिथंच भोवरा धरला की रानाला पानी न्हाई. जखम भरंस्तवर उठायचं न्हाई."

"परसाकडंलाबी?"

"भांडं हाय की."

मामंजींनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

कळ थांबली. मामंजी जेवू लागले, सगळ्यांवर डाफरू लागले. डॉक्टर मात्र रोज यायचे. दाराआडून मी ऐकायची: टक, टक, मग घाईनं एक टक, आणि पुढं नुसती पोकळी. मला वाटायचं, म्हाताऱ्या डॉक्टरांचा ताल चुकला. केवढी मी शहाणी!

एक दिवस पलटणीचे जुने साहेब भेटीला आले. डॉक्टर नाडी धरून बसलेच होते. साहेब उंबऱ्यात आले आणि खाट करकरली.

"सुभेदार, पडून ऱ्हावा," डॉक्टर म्हणाले.

"पडून सलाम कवा केलाय का आमी?"

मला दिसत काहीच नव्हतं. टाच आपटल्याचा आवाज आला. डॉक्टरांची बोटं पत्र्यावर गारा पडाव्यात तशी धावली, आणि थांबली.

तेराव्यानंतरही डॉक्टर येत. चहा घेत, पण डावा हात कोटाच्या खिशात. पुढं त्यांनी कुणाचीच नाडी वाजवली नाही. एकदाच म्हणाले, "सूनबाई, नाडी धरून बसलो मी. मानूस धराया पायजे हुता."

आता माझीच नाडी अधूनमधून ठोका गाळते. पाहुणे आले तरी मी उठत नाही. म्हातारी माजली म्हणतात. खुर्चीच्या दांड्यावर माझी बोटं चालतात, तर नातवंडांना वाटतं आजी तबला शिकतेय. वाटू दे. पोकळी आली की बोट हवेत थांबतं, आणि दाराआडची ती शहाणी पोर पुढच्या टकसाठी कान देऊन उभी असते.