विचारून जाणाऱ्याचा रस्ता

सर्व मंडळींस नमस्कार. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे आहे. परंतु आज घडलेली गोष्ट जशीच्या तशी लिहितो.

देवळाली प्रवरा येथे आमच्या शेजारी सुमनबाई यांचे शेत आहे. त्यांचा ऊस माझ्या बांधावरूनच बाहेर निघतो. त्यांचे दिवंगत यजमान दरवर्षी तोडीपूर्वी घरी येऊन विचारीत, "अण्णा, गाडी नेऊ का?" मी होकार देत असे. यंदा बाईंनी मला न विचारता रस्त्याच्या हक्कासाठी अर्ज केला. मला तो अपमान वाटला व मी हरकत घेतली.

आज त्या अर्जावर तहसीलदार साहेब पाहणीस आले. त्यांनी मला विचारले, "हे लोक तुमची परवानगी घेत होते का?"

"दरवर्षी," मी अभिमानाने सांगितले.

"मग हक्क लागत नाही. परवानगीने कितीही वर्षे गेले, तरी कायद्याने तो हक्क होत नाही. न विचारता जात असते, तर गोष्ट वेगळी होती."

सुमनबाई माझ्याकडे वळल्या. "अण्णा, तुमचा मान म्हनून इचारत हुते ते! चुकलं का त्यांचं? आता ऊस काय डोक्यावर न्यायचा?"

मी हरकत मागे घेतली आणि रस्ता कायमचा देत असल्याचे तिथेच लिहून सही केली.

मंडळी, शेजाऱ्याचा मान राखणाऱ्याचाच हक्क बुडावा, हे मला अजून पटलेले नाही. आपल्या बांधावरून कोणी विचारून जात असेल, तर त्यास आपण काही लिहून दिले आहे काय?