अण्णांसाठी निवडलेलं जहाज

"बनानेवाले कौन है?" हैदराबादच्या दुकानदाराने फोनवर मला पहिला प्रश्न हाच विचारला. लाकडी जहाजांचे सुटे भाग खोक्यात घालून विकायचा त्याचा धंदा. मी म्हणालो, माझे थोरले भाऊ. लाकडात हात बसलेला आहे, बैल फार सुरेख करतात. तो हसला. "बैल अलग, जहाज अलग, साब. पैली बार है तो छोटा लेव. एक डंडे का, एक पाल का. बड़ा नक्को. बड़ा लिये तो आधे में पड़ा रहता."

विकायला बसलेला माणूस एका शिडाचं लहान जहाज घ्या असा सल्ला सहसा देत नाही. मी त्याचे आभार मानले आणि तीन डोलकाठ्यांचं जहाज मागवलं.

अण्णा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले तेव्हा अण्णांनी शाळा सोडली, म्हणून मला सोडावी लागली नाही. ते मंठाळला शेती करत राहिले आणि मी बसवकल्याणला शिक्षक झालो. म्हातारपणी त्यांना दम लागू लागला. बीदरच्या डॉक्टरांनी शेतात जायचं बंद केलं, तेव्हा ते खिडकीजवळ मेज टाकून लाकडाचे बैल करू लागले. कारहुणवीला खरे बैल रंगवून मिरवतात, त्या दिवशी गल्लीतली पोरं अण्णांकडून हे छोटे बैल मागून न्यायची.

मी दर रविवारी जायचो. एका रविवारी ते म्हणाले, "तम्मा, बैलं बघून बघून कंटाळा आला बघ. डोळे झाकून होतेत आता. कधी न बघितलेलं कायतरी करावं वाटायलंय."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. माझी साठी उलटल्यावरही ते मला तशीच हाक मारत.

"न बघितलेलं म्हणजे काय?" मी विचारलं.

"समुद्र न्हाई बघितला. जहाज न्हाई बघितलं. तेच करतो."

आत भाकरी थापणाऱ्या वैनी तिथूनच म्हणाल्या, "आधी खोकला बघा, मग समुद्र बघा."

माझा सगळा जन्म वाचण्यात गेला, त्यामुळे मी हेही अभ्यासासारखं हाती घेतलं. महिनाभर वाचत होतो. आधी कणा, त्यावर फासळ्या, फासळ्यांवर पातळ लाकडी पट्ट्या, अशी ही जहाजं होतात. कुठे पट्ट्यांचा एकच थर असतो, कुठे दोन. ज्याचं बूड सपाट ते नवख्याला सोपं. गोल बुडाला प्रत्येक पट्टी भिजवून वाकवावी लागते आणि टोकाकडे निमुळती तासावी लागते. सोबतची माहिती पायरी-पायरीने, चित्रांसह हवी. मी हे सगळं वहीत उतरवलं. ज्याने ज्याने लिहिलं होतं त्याने एक गोष्ट सांगितलीच होती, पहिलं जहाज लहान घ्यावं. त्या ओळीखाली मी रेघही मारली होती.

मग एका रविवारी आम्ही दोघं फोनवर चित्रं बघत बसलो. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून फोन नाकापाशी नेत. बरीच जहाजं त्यांनी नुसती बोटाने पुढे ढकलली. एका ठिकाणी मात्र बोट थांबलं. मासे धरायची साधी होडी, एक शीड, लांबीला दीड वीत.

"ही बरी हाय," ते म्हणाले.

"अण्णा, ही पोरांची हाय."

"पोरांची का? सुबक हाय की."

"तुम्ही बघा तर खरं, पुढं मोठी जहाजं हायेत." आणि मीच चित्र पुढे सरकवलं. "तू शिकलेला हायेस, तू बघ," ते एवढंच म्हणाले.

मी तसं का केलं, हे स्वतःला अनेकदा विचारलं आहे. आमच्याकडे थोरल्या माणसाला काही द्यायचं तर ते मोठं असावं लागतं. धाकट्याने थोरल्यापुढे लहान वस्तू ठेवली तर चारचौघांत मान थोरल्याचाच कमी होतो. ज्यांनी माझ्यासाठी शाळा सोडली, त्यांना मी दीड वितीची होडी कशी देणार होतो? पण हे अर्धंच आहे. उरलेलं अर्धं माझ्यासाठी होतं. ते जहाज बघून लोकांनी म्हणावं, धाकट्याने आणलं.

आणि लोक म्हणालेही. खोका आला तेव्हा दारात दहा-बारा माणसं जमली. वैनींनी त्याला हळदीकुंकू लावलं. "दोघं भाऊ बसून कुठं जायलाव ह्याच्यात?" त्यांनी विचारलं. शेजारचे एक काका म्हणाले, "ओढ्याला पाणी येऊ द्या की आधी!" अण्णा सगळ्यांबरोबर हसले. खोक्यावरचं चित्र त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं. आमच्याकडे दुसरीही एक रीत आहे. कुणी प्रेमाने आणलेल्या वस्तूला नाव ठेवत नाहीत.

इंग्रजीतली माहिती मी मराठीत लिहून दिली. कणा आणि फासळ्या त्यांनी पंधरा दिवसांत इतक्या नेटक्या बसवल्या की मी मनातल्या मनात त्या दुकानदाराला खोटं ठरवलं. मग पट्ट्या आल्या. दर रविवारी एक नवी पट्टी लागलेली असायची. कधी एका बाजूला, कधी दुसऱ्या.

"कुठवर आलं अण्णा?"

"व्हायलंय, व्हायलंय. घाई कामून?"

मला वाटायचं, चवीने चाललंय. म्हातारपणी माणसाला असंच संथ काम हवं असतं, असंही मी एका मित्राला सांगितलं होतं.

पावसाळा संपता संपता अण्णा गेले. सगळे विधी झाल्यावर एका दुपारी मी त्या मेजापाशी बसलो होतो. पट्ट्या मोजल्या. एकोणीस. फासळ्या अजून उघड्याच दिसत होत्या. मी वैनींना म्हणालो, "आणखी थोडे दिवस मिळाले असते तर पुरं झालं असतं."

त्या म्हणाल्या, "भाऊजी, सांगू का नको? त्यांनी नका सांगू म्हटलं होतं."

"सांगा."

"शनिवारी बसायचे ते. हप्त्यात एकदाच. तुम्ही यायच्या आधी एक पट्टी लावायचे. म्हणायचे, तम्मा बघतो, त्याला बरं वाटतं."

"आणि बाकीचे दिवस?"

"बसून राहायचे. खिडकीतनं बघत."

"बैल?"

"ते बंदच केलते की. म्हणायचे, ते करायलो दिसलो तर तम्माला वाटेल, जहाज आवडलं न्हाई. यंदा कारहुणवीला पोरं आली तर रिकामीच लावून दिली." वैनी माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "एकदाच म्हणाले, लहानी असती तर कवाच झाली असती."

मी दर रविवारी येत होतो. समोर बसून चहा पीत होतो. जहाज कुठवर आलं, हे एकोणीस वेळा विचारलं. आवडलं का, हे एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते व्हय म्हणाले असते, हे मला माहीत आहे, पण त्याने माझं ओझं कमी होत नाही. त्या होडीवर त्यांचं बोट थांबलं होतं तेव्हा विचारायचं काही उरलंच नव्हतं. मी नुसतं थांबायचं होतं.

जहाज माझ्या घरी न्यावं, कुणाकडून तरी पुरं करून घ्यावं, काचेच्या पेटीत ठेवावं, असं काय काय माझ्या मनात येऊ लागलं होतं. ते ओठांवर आलंही होतं. मी ते गिळलं आणि विचारलं, "वैनी, ह्याचं काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

त्यांनी पदराने हात पुसले. "जहाजाचं मला काय कळतंय? मेज तेवढं हलवून द्या. खिडकीशी खाट टाकीन म्हणते. उजेड येतो तिथं."

मी जहाज उचलून कोनाड्यात ठेवलं. मग आम्ही दोघांनी मेज भिंतीकडे सरकवलं आणि खाट उजेडात आणली.